झोळ

फोक्सवॅगन बीटलची पेडले आजच्या गाड्यांप्रमाणे वरून लोंबत नाहीत. ती पायाखालच्या पत्र्यातून वर उगवतात. टाच जमिनीवर टेकवून चवड्याने क्लचचे पेडल हळूहळू सोडण्याची सवय एकदा जडली, की दुसऱ्या कोणत्याही गाडीत बसल्यावर पहिले दोन दिवस पाय परका वाटू लागतो. माझ्या डाव्या पायाला ही सवय जडून बावीस वर्षे झाली आहेत. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एका सकाळी घराच्या फाटकातून गाडी मागे घेत असताना, क्लच जिथे धरू लागतो नेमक्या त्या जागी सबंध गाडी हुडहुडी भरल्यासारखी थरथरली, तेव्हा काहीतरी बिनसल्याचे कानाआधी आणि हाताआधी पायाला कळले. आतला आरसा इतका हलत होता की त्यात फाटकाऐवजी फाटकाच्या चार-पाच रेघा दिसत होत्या. क्लच पूर्ण सुटून गाडी चालू लागली की थरथर थांबत असे. चौकात उभे राहून पुन्हा निघायची वेळ आली की पुन्हा तेच.

ही गाडी माझ्या मामाची. साठच्या दशकात तो शिकण्यासाठी जर्मनीत ब्राउनश्वाइगला गेला, तिथेच काही वर्षे नोकरी केली आणि १९७१ साली परतताना ही वापरलेली बीटल बोटीने मुंबईला घेऊन आला. गाडी १९६६ची, १२८५ सीसीची, चाळीस अश्वशक्तीची, सहा व्होल्टच्या बॅटरीची. तिच्या पुढच्या दिव्यांना मामी कंदील म्हणत असे आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे सातारा रस्त्यावर पुढच्या ट्रकला ओलांडायचे झाले, तर समोरून काही येत आहे का हे पाहण्याचे काम उजवीकडे बसलेल्या मामीकडे असे. तिच्या ‘जा’मध्ये आणि ‘जाऊ नको’मध्ये आवाजाचा फरक फार थोडा होता, आणि तरीही ती दोघे त्या रस्त्यावर तीस वर्षे सुखरूप हिंडली, हे मला आजही नवल वाटते. मेक्सिकोतील पुएब्ला येथे ३० जुलै २००३ रोजी अशा प्रकारची शेवटची बीटल तयार झाली, तेव्हा एकूण संख्या २,१५,२९,४६४ भरली होती. त्याच कंपनीचा कारखाना २००९ पासून आमच्या पुण्याजवळ चाकणला आहे. पण आमच्या गाडीचे आणि त्या कारखान्याचे नाते आडनावापुरतेच.

गाडीबरोबर मामाची एक वही माझ्याकडे आली. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर गाडीच्या एकेका भागाचे नाव. यांतली काही नावे मराठी, काही इंग्रजी आणि काही मामाच्या कानात बसलेली जर्मन. क्लचला तो आयुष्यभर ‘कुप्लुंग’ म्हणत आला, तेव्हा वहीतही ‘कुप्लुंग’ हेच पान आहे. त्या पानावर किती किलोमीटरला प्लेट बदलली, कोणत्या दिवशी पेडलची मोकळी चाल (म्हणजे क्लचवर दाब पडण्याआधी पेडल जितके नुसतेच जाते ते अंतर) किती भरली, अशा नोंदी बारीक अक्षरात आहेत. थरथर सुरू झाली त्या संध्याकाळी मी ते पान काढून वाचले आणि वही मिटून ठेवली. ती मिटायला नको होती, हे पुढे येईलच.

आधी क्लचविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ही गोष्ट त्याशिवाय कळणार नाही. इंजिन सुरू असेतो फिरतच राहते. चाकांना मात्र मधूनमधून थांबावे लागते. या दोघांना जोडणारी आणि तोडणारी वस्तू म्हणजे दोन लोखंडी तोंडांमध्ये दाबून धरलेली एक चकती. एका बाजूला इंजिनाबरोबर फिरणारे फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगांनी रेटलेली प्रेशर प्लेट, आणि मध्ये ही क्लच प्लेट, जिच्या दोन्ही अंगांना रिव्हेटांनी लायनिंग, म्हणजे पकड घेणारा थर, ठोकलेले असते आणि जिचे पोट गिअरबॉक्सच्या दांड्यावर दातऱ्यांनी बसलेले असते. तेराशेच्या, म्हणजे आमच्या १२८५ सीसीच्या, बीटलमध्ये ही प्लेट १८० मिलिमीटर व्यासाची, म्हणजे जेवणाच्या ताटापेक्षा लहान आणि वाटीखालच्या बशीपेक्षा मोठी असते. आपण पेडल दाबतो तेव्हा गाडीच्या मधल्या बोगद्यातून मागे गेलेली सुमारे सव्वादोन मीटरची तार ओढली जाते, ती गिअरबॉक्सच्या डाव्या अंगाचा एक दांडा खेचते, दांडा आतला फोर्क फिरवतो, फोर्कवरचे रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटला दाबते आणि प्लेट मोकळी होते. पाय उचलला की हे सगळे उलट. या क्लचमध्ये तेल नाही, पंप नाही. सगळा निरोप एका तारेवरून जातो.

अशा क्लचची दुखणी मोजून तीन. पहिले, तो धरत नाही. दिवे घाट चढताना इंजिनाचा आवाज वाढत जातो आणि गाडी मात्र आहे त्याच वेगात रेंगाळते. थोड्या वेळाने जळका वास येतो, जो एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. तपासायचे असेल तर हँडब्रेक घट्ट ओढून, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच शाबूत, फिरत राहिले तर समजावे की प्लेट घसरते आहे. ही परीक्षा एकदाच घ्यावी. काही जण खात्री करण्यासाठी ती चार वेळा घेतात आणि उरलेसुरले लायनिंग स्वतःच जाळून टाकतात. दुसरे दुखणे, तो सोडत नाही. पेडल पूर्ण दाबले तरी प्लेट फिरतच राहते आणि गिअर कर्रकन वाजतो. बीटलमध्ये १९६१च्या मॉडेलपासून पुढचे चारही गिअर सिंक्रोमेशचे, म्हणजे दात अडकण्याआधी वेग आपोआप जुळवून घेणारे आहेत, त्यामुळे ते हा दोष काही काळ पोटात घालतात. रिव्हर्स मात्र घालत नाही. गिअरचा दांडा खाली दाबून, डावीकडे नेऊन मागे ओढताना तो वाजला, तर क्लच सुटत नाही याची ती पहिली वर्दी असते. तिसरे दुखणे म्हणजे माझे: धरतो, सोडतोही, पण धरताना थरथरतो.

यांतली एक गोष्ट भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही, म्हणून लिहून ठेवतो. तार ताणून लांबते, तेव्हा पेडलची मोकळी चाल वाढते. प्लेट झिजते, तेव्हा तीच चाल कमी होते. म्हणजे झिजलेल्या क्लचची तार आवळायची नसते, सैल करायची असते. घसरणारा क्लच पाहून ‘केबल जरा टाइट करून घ्या’ असा सल्ला देणारे लोक मला रस्त्यात किती भेटले त्याची मोजदाद नाही, आणि तो सल्ला मानला की रिलीज बेअरिंग कायमचे प्रेशर प्लेटला टेकून राहते आणि आठ दिवसांत दोन्ही जातात. तार लांबणे आणि प्लेट झिजणे एकाच वेळी चालू असेल तर दोन्ही एकमेकांना झाकून टाकतात, आणि चाल तेवढीच राहिल्याने माणूस निर्धास्त असतो. मामाच्या वहीत प्रत्येक चाचणीला ‘चाल १५ मि.मी.’ किंवा ‘चाल १२, तार सैल केली’ अशा नोंदी आहेत त्या यासाठीच. दहा ते वीस मिलिमीटर ही या गाडीची ठरलेली चाल. मामाला पंधरा आवडे.

तारेचा विषय निघाला म्हणून मामाची एक हकिगत. सत्तरच्या दशकात एकदा साताऱ्याहून निघण्याच्या सकाळीच त्याची क्लचची तार तुटली. दुसरी तार पुण्यात, घरी, फडताळात. बरोबर मामी आणि दोन लहान मुले. मामाने गाडी उताराला लागेल अशी ढकलून घेतली, इंजिन बंद ठेवून दुसरा गिअर घातला, उतारावर गाडीने वेग घेताच चावी फिरवली आणि निघाला. पुढचे सगळे गिअर त्याने क्लचशिवाय बदलले: अॅक्सिलरेटरवरून पाय किंचित उचलायचा, दांडा अलगद न्यूट्रलमध्ये येऊ द्यायचा, इंजिनाचा वेग पुढच्या गिअरला जुळेल इतका उतरेपर्यंत थांबायचे आणि मग दोन बोटांनी दांडा पुढे न्यायचा. जुळले तर तो लोण्यात सुरी जावी तसा जातो. नाही जुळले तर गिअरबॉक्स सगळ्यांदेखत अपमान करते. खंबाटकीचा घाट, शिरवळ, कात्रजचा घाट असे सुमारे एकशे दहा किलोमीटर अंतर त्याने कापले. मुले पाण्यासाठी रडत होती आणि मामा थांबायला तयार नव्हता, कारण थांबला असता तर ढकलायला माणसे शोधावी लागली असती. ही हकिगत मामा पराक्रम म्हणून सांगे आणि मामी गुन्हा म्हणून. दोघांच्या सांगण्यात तपशील मात्र सारखेच असत.

आता माझ्या मे महिन्याकडे येतो. एप्रिलमध्ये मी तार बदलून घेतली होती. जुन्या तारेचे दोन-तीन पदर मागच्या टोकाशी तुटून कुसळासारखे बाहेर आले होते आणि मामासारखी गाडी चालवण्याची माझी हिंमत नाही. जवळच्याच एका गॅरेजमध्ये हे काम झाले. तिथल्या हाताखालच्या मुलाने गाडीखालून निघताना माझ्या हातावर दोन पितळी वायसर ठेवले आणि म्हणाला, ‘काका, हे दोन उरले.’ मी ते पुसून पुढच्या डिकीतल्या बिस्किटांच्या डब्यात टाकले, जिथे गेल्या पन्नास वर्षांतले असे उरलेले अनेक स्क्रू आणि नट राहतात. नव्या तारेने पेडल इतके हलके झाले होते की मी त्या मुलाला वर पन्नास रुपये दिले. पेडल हलके झाले याचा मला आनंद झाला होता, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

थरथर सुरू झाल्यावर मी गाडी पुन्हा तिथेच नेली. मालकांनी स्वतः गाडी गॅरेजच्या आवारात दोनदा पुढे-मागे केली आणि निकाल दिला, ‘क्लच प्लेट गेली. इंजिन उतरवावे लागेल.’ हा निकाल अगदीच निराधार नव्हता. थरथरणाऱ्या क्लचची कारणे शोधू लागले, तर प्लेटने तेल पिणे हे पहिल्या तिघांत येतेच: फ्लायव्हीलमागचे ऑइल सील कडक झाले की इंजिनातले तेल झिरपते, लायनिंगवर त्याचा राप बसतो आणि प्लेट सलग न धरता टप्प्याटप्प्याने धरू लागते. प्लेट वाकडी असली, प्रेशर प्लेटच्या तोंडावर उष्णतेचे निळे डाग पडले असले, तरी हेच होते. पण यांतले काहीही डोळ्यांनी पाहायचे तर इंजिन उतरवावेच लागते, आणि इंजिन न उतरवता पाहता येण्यासारख्या गोष्टी आधी पाहाव्यात, हे त्यांनी मला सांगितले नाही आणि मीही त्यांना विचारले नाही. भाचीने मागच्या दिवाळीला श्टुटगार्टहून येताना बॅगेत आणलेली नवी प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग घरी तयार होते. सामान तयार असले की आजारही पटकन पटतो.

बीटलचे इंजिन उतरवणे हे मात्र पाहण्यासारखे काम आहे आणि त्या दिवसाबद्दल मला एवढ्यापुरती तक्रार नाही. रेडिएटर नाही, पाणी नाही, लांबलचक सायलेन्सरचा पाईप नाही. मागचे झाकण उघडून एअर क्लीनर काढला, डायनमोच्या आणि कॉइलच्या वायरी सोडवल्या, अॅक्सिलरेटरची तार सोडवली, पेट्रोलची रबरी नळी काढून तिच्या तोंडात पेन्सिलीचा तुकडा खुपसला. हीटरच्या तारा सोडवायच्या असतात, पण त्या मामानेच कधीतरी काढून टाकल्या होत्या. पुण्यात हीटर लावून बसणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मागचा आडवा पत्रा निघाला आणि मग उरले फक्त चार बोल्ट, सतराच्या पान्याचे. खालचे दोन सरळ दिसतात; वरचे दोन पंख्याच्या डबड्यामागे हात वळवून, न पाहता, बोटांनी चाचपून काढावे लागतात, आणि ते काढणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे भाव असतात ते मी एरवी फक्त कानात पाणी गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिले आहेत. खाली चाकांचा जॅक लावून इंजिन सरळ रेषेत दहाएक सेंटिमीटर मागे ओढले. इथे घाई करून चालत नाही, कारण गिअरबॉक्सचा दांडा प्लेटमधून पूर्ण बाहेर येण्याआधी इंजिन खाली सोडले, तर त्याचे शंभर किलोंहून अधिक वजन त्या पातळ प्लेटवर येते आणि ती वाकते. दांडा सुटल्याचा एक बारीक आवाज आला, जॅक उतरला आणि इंजिन गाडीखालून बाहेर आले. या सगळ्याला सव्वा तास लागला आणि त्यात एकदा चहाही झाला.

प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट एकाआड एक सैल करून प्लेट बाहेर काढली, तेव्हा मालकांनी ती माझ्यापुढे धरली आणि क्षणभर आम्ही दोघेही गप्प होतो. लायनिंग रिव्हेटांच्या वर चांगले दीड मिलिमीटर शिल्लक होते. तेलाचा मागमूस नव्हता. फ्लायव्हीलच्या मध्यभागी असलेल्या छत्तीसच्या मोठ्या नटाभोवतीही कोरडे. प्रेशर प्लेटचे तोंड आरशासारखे नव्हते, पण डागही नव्हते. रिलीज बेअरिंग हातात फिरवले तर गुळगुळीत फिरले. आवारातला मुलगा भात्याने आतली काळी धूळ उडवायला निघाला तेवढा मी त्याला अडवला. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असे आणि ती धूळ ओल्या फडक्याने टिपून घ्यायची असते, फुंकायची नसते. एवढी एकच शहाणपणाची गोष्ट मी त्या दिवशी केली.

कारण त्यानंतर जे वाक्य उच्चारले गेले, ते आपल्याकडच्या प्रत्येक दुरुस्तीत, मग ती गाडीची असो, घराच्या छपराची असो की दाढेची, उच्चारले जाते: ‘आता उघडलेच आहे, तर बदलूनच टाकू.’ हे वाक्य ते म्हणाले की मी, हे आता नक्की आठवत नाही. माझ्या तोंडी ते शोभले असते. यंत्राने आपल्याला स्पष्ट सांगितले होते की दुखणे इथे नाही. उघडण्याचे कष्ट वाया जाऊ नयेत म्हणून आम्ही ते ऐकले नाही. नवी प्लेट जुन्या गिअरबॉक्सच्या दांड्याचा तुकडा खुपसून मध्यावर आणली, प्रेशर प्लेट आवळली, सील बदलले, बेअरिंग बदलले, इंजिन वर चढवले. संध्याकाळी गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला, क्लच सोडला आणि गाडी थरथरली. नवे लायनिंग अधिक पकड घेणारे असते, त्यामुळे ती सकाळपेक्षा थोडी अधिकच थरथरली. ‘चालवा थोडे दिवस, प्लेट बसेल,’ असे मालक म्हणाले. मी पैसे दिले आणि घरी आलो. पंधरा दिवस प्लेट बसण्याची वाट पाहिली. प्लेट आपल्या जागी बसलेलीच होती.

पावसाळ्याच्या तोंडावर एका वयस्कर मिस्त्रींचे नाव कुणीतरी सुचवले. आता ते गॅरेज चालवत नाहीत. नातवाच्या टायरच्या दुकानापुढे खुर्ची टाकून बसतात. त्यांनी गाडीत न बसता मला गाडी चालवायला सांगितली आणि स्वतः मागे उभे राहून मान तिरकी करून इंजिन पाहत राहिले. तीन वेळा निघालो, तीन वेळा थरथरलो. मग त्यांनी गिअरबॉक्सच्या रबरी माउंटिंगा पाहायला सांगितल्या, कारण त्या तेलाने फुगल्या किंवा फाटल्या की इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून पुढे-मागे झुलतात आणि क्लचची तार त्या झोक्यांबरोबर आपोआप ओढली-सोडली जाते. माउंटिंगा ठीक होत्या. त्या चार वर्षांपूर्वीच बदललेल्या. तेव्हा मिस्त्री म्हणाले, ‘साहेब, प्लेटबिट सगळं चांगलं आहे. झोल दुसरीकडंच आहे.’

मला हसू आले, कारण शब्द ओळखीचा वाटला आणि कुठला ते आठवेना. घरी येईपर्यंत आठवत राहिलो. मग मामाची वही काढली आणि या वेळी ‘कुप्लुंग’चे पान सोडून बाकीची चाळू लागलो. सत्तराव्या पानाच्या आसपास ‘दोरी’ असा मथळा होता. मामा तारेला दोरी म्हणे, हे मला ठाऊक होते. तिला स्वतंत्र पान असेल असे वाटले नव्हते. पहिल्या ओळीत तार बदलल्याची तारीख, तुटलेल्या तारेची ती साताऱ्याची हकिगत फक्त ‘सातारा, तुटली’ एवढ्या दोन शब्दांत, आणि त्याखाली दुहेरी रेघ मारून लिहिलेले: ‘नळीला झोळ हवा. ३ सें.मी. सरळ नको. वायसर काढू नयेत.’

मधल्या बोगद्यातून तार बाहेर पडते तिथून गिअरबॉक्सवरच्या कंसापर्यंत (ब्रॅकेटपर्यंत) ती एका लवचिक नळीतून जाते. वरवर पाहता नळी जितकी सरळ तितके बरे, तारेला घर्षण कमी. पण गाडी बांधणाऱ्यांनी ती मुद्दाम वाकवलेली आहे. तिचे पोट सरळ रेषेपासून पंचवीस ते पंचेचाळीस मिलिमीटर खाली उतरलेले असावे असा दंडक आहे, आणि ते कमी भरले तर कंस आणि नळीचे टोक यांच्यामध्ये वायसर घालून नळी पुढे ढकलायची, म्हणजे ती अधिक वाकते. त्या बाकामुळे तारेला थोडी अडवणूक होते. क्लच धरू लागतो त्या क्षणी इंजिन आणि गिअरबॉक्स रबरावर किंचित हलतातच. नळी सरळ असेल तर ती हालचाल तारेत जशीच्या तशी उतरते, क्लच सुटतो, धरतो, सुटतो, धरतो, आणि गाडीला हुडहुडी भरते. नळीला झोळ असेल तर ती हालचाल त्या घर्षणात जिरते. माझे पेडल एप्रिलमध्ये लोण्यासारखे हलके झाले होते ते नव्या तारेमुळे नव्हे, निदान निव्वळ तिच्यामुळे नव्हे. नळी ग्रीस करायला काढली होती आणि परत बसवताना दोन वायसर ‘उरले’ होते. त्या हलकेपणासाठी मी पन्नास रुपये बक्षीस दिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिस्त्रींना घरी घेऊन आलो. त्यांना गाडीखाली जाणे आता जमत नाही, म्हणून मी गेलो आणि ते बाहेर स्टुलावर बसून सूचना देत राहिले. गाडीचे मागचे अंग लोखंडी घोड्यांवर (टेकूंवर) घेतले. नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिवणाचा दोरा ताणून धरला आणि मुलीच्या कंपासपेटीतल्या पट्टीने मधले अंतर मोजले: नऊ मिलिमीटर. ‘किती?’ मिस्त्रींनी विचारले. ‘नऊ.’ ‘मग बरोबर आहे. म्हणजे चुकीचं आहे.’ तारेच्या मागच्या टोकावरचा विंग नट, म्हणजे बोटांनी फिरवायचा कानवाला नट, सोडला. तो सोडताना तारेचे टोक पकडीने घट्ट धरावे लागते, नाहीतर तार नटाबरोबर पिळली जाते आणि पुढे पेडलच्या आकड्यातून निसटते. निसटली की ती पुन्हा अडकवण्यासाठी पेडलपाशी पालथे पडून, एका माणसाने मागून तार ओढत आणि दुसऱ्याने पुढून आकडा चाचपत अर्धी सकाळ घालवावी लागते. आमची निसटली नाही. नळीचे टोक कंसातून बाहेर काढले, बिस्किटांचा डबा मागवला, त्यातून ते दोन पितळी वायसर शोधले. ते शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण त्या डब्यात तशाच आकाराचे आणखी अकरा वायसर होते आणि ते कशाकशातून उरले आहेत या विचाराने मी काही क्षण गाडीखाली तसाच पडून राहिलो.

वायसर घालून नळी बसवली, पुन्हा दोरा धरला. एकतीस. विंग नट एकेक अर्धा फेरा आवळत गेलो आणि मुलगी पुढे बसून हाताने पेडल दाबून पट्टीवर चाल मोजून ओरडत राहिली: ‘बावीस, बाबा. एकोणीस. सतरा.’ पंधरावर मिस्त्रींनी हात वर केला. पेडल दाबून पाहिले तर ते पूर्वीइतके, म्हणजे मामाच्या वेळेइतके जड झाले होते.

गाडी घोड्यांवरून उतरवली. मिस्त्री या वेळी शेजारी, उजवीकडे, मामीच्या जागेवर बसले. मी दांडा खाली दाबून, डावीकडे नेऊन मागे ओढला, वाजला नाही. टाच टेकवून पाय सोडला. आरशात फाटक आले, फाटकाची एकच रेघ, आणि ती जवळ येत राहिली. ‘जा,’ मिस्त्री म्हणाले.

संध्याकाळी वहीत ‘दोरी’च्या पानावर मामाच्या दुहेरी रेघेखाली तारीख घालून लिहिले: ‘झोळ ३.१ सें.मी. वायसर २. चाल १५.’ काढलेली जुनी प्लेट वर्तमानपत्रात गुंडाळून फडताळात ठेवली आहे. निम्म्याहून अधिक शिल्लक आहे ती.